दप्तराची मुखत्यारी : शाळेचा ई-मेल व दिनदर्शिका दुसऱ्याच्या हाती सोपविताना

छत्रपती संभाजीनगर शहरातील उस्मानपुरा भागात ज्या संताच्या नावाने रंगमंदिर उभे आहे, त्या एकनाथांची एक कथा दौलताबादच्या किल्ल्याशी निगडित आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे त्या किल्ल्याचे अधिकारी होते. एके दिवशी ते समाधीत मग्न असता किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूंचा समाधिभंग होऊ नये म्हणून कोवळ्या वयाच्या एकनाथांनी त्यांचे चिलखत अंगावर चढविले, त्यांचे शस्त्र हाती घेतले आणि सैन्याच्या अग्रभागी राहून शत्रूस परतविले. काम आटोपताच त्यांनी चिलखत होते तेथे ठेवून दिले व घडल्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. सैनिकांना वाटले, स्वामीच लढले.

परंपरेने चालत आलेल्या या आख्यायिकेतील गुरुभक्ती थोर आहे, याविषयी दुमत नाही. तथापि कारभाराच्या दृष्टीने एक प्रश्न उरतोच. त्या दिवशी किल्ला पडला असता, तर दोष कोणाच्या माथी आला असता? ज्यांना लढाईची वार्ताही नव्हती, त्या स्वामींच्याच.

आज खेडोपाडीच्या शाळांतून असे चिलखत नित्य चढविले जाते. त्याचे नाव पासवर्ड. मुख्याध्यापक प्रशिक्षणास जातात, निवडणुकीच्या कामी जातात, आजारी पडतात. अथवा त्यांस संगणकाचा कंटाळा असतो. मग शाळेतील एखाद्या तरुण उपशिक्षकास ते पासवर्ड सांगून टाकतात. पुष्कळ ठिकाणी तर तो कपाटाच्या आतल्या बाजूस कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून चिकटविलेला असतो. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो, आणि म्हणूनच या गोष्टीचा विचार सहसा होत नाही.

उदाहरणादाखल पैठण तालुक्यातील एक शाळा कल्पनेत आणावी. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोन. मुख्याध्यापिका उस्मानपुऱ्यात राहून रोज जा-ये करतात. (शिक्षकाने मुख्यालयी राहावे की नाही, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही.) बाईंना दहा दिवसांची रजा घ्यावी लागली. जाताना त्यांनी उपशिक्षकांस पासवर्ड दिला आणि म्हटले, “किरकोळ पत्रांना उत्तरे देऊन टाकत जा, सर.” तिसऱ्या दिवशी पंचायत समितीकडून ई-मेल आला : श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांची तपासणी व्हावयाची आहे, नावे त्वरित कळवावीत, नसल्यास निरंक अहवाल पाठवावा. उपशिक्षकांनी नोंदवही पाहिली. रकाना कोरा होता. त्यांनी ‘निरंक’ असे उत्तर पाठविले. खाली अर्थातच मुख्याध्यापिकेचे नाव आले.

इयत्ता तिसरीत एक मुलगी होती. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते, हे तिच्या आईने बाईंनाच सांगितले होते. बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसविले होते आणि आईला भेटावयास बोलाविल्याची तारीख स्वतःच्या छोट्या वहीत टिपून ठेवली होती. ती वही त्यांच्यासमवेत घरी गेली. बाई परत आल्या तेव्हा तपासणी होऊन गेली होती. चौकशी करता तालुक्याच्या कचेरीतून उत्तर मिळाले, “बाई, तुम्हीच तर निरंक कळविले.” ते खोटेही नव्हते. पत्रावर नाव त्यांचेच होते.

येथे चूक कोणाची, हे ठरविणे कठीण नाही असे वरवर वाटते. उपशिक्षकांनी विचारावयास हवे होते. बाईंनी नोंद करावयास हवी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु पत्र उपशिक्षकांच्या नावाने गेले असते, तर कचेरीतील लिपिकास मुख्याध्यापिका रजेवर असल्याचे निदान कळले असते, आणि कदाचित त्याने एक दूरध्वनी केला असता. चिलखतामुळे ती संधीच नाहीशी झाली.

आपल्या इतिहासात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी पंडितराव व न्यायाधीश वगळता इतरांस मोहिमेवर जावे लागे. ते दूर असता दप्तर थांबू नये म्हणून त्यांचे कारभारी काम पाहत. ज्या कारभाऱ्यास धन्याच्या वतीने शिक्का करण्याचा अधिकार मिळे, त्यास मुतालिक म्हणत. याखेरीज खात्याच्या दप्तरात मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी दरकदार असत. पत्र एकाने लिहावे, हिशेब दुसऱ्याने तपासावा, अशी ती व्यवस्था होती. पत्राच्या अखेरीस ‘मोर्तब’ म्हणजे लहान मुद्रा उमटवीत. मजकूर तेथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, हा तिचा उपयोग.

याहून बोधप्रद आहे ती पेशव्यांची मुद्रा. तीत आधी शाहू राजांचे नाव येते, आणि मागाहून पेशव्याचे स्वतःचे नाव व मुख्य प्रधान हे पद. सत्ता कोणाची आणि हात कोणाचा, हे एकाच ठशात वाचणाऱ्यास कळते. (पुढे त्या हातातच सारी सत्ता गेली, हा भाग वेगळा. मुद्रेने माणसाची महत्त्वाकांक्षा आवरत नाही. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी १७५० साली सांगोल्यास ठाण मांडले, तेव्हा सदाशिवरावभाऊंस सैन्यानिशी जावे लागले.) कागदी टपालाच्या काळातील शिक्षकांसही ही रीत अपरिचित नव्हती. वरिष्ठांच्या गैरहजेरीत पत्रावर सही करणारा ‘करिता’ असे लिहून आपली सही करी, व आजही करतो. त्या एका शब्दात दोन माणसे उभी असतात. ई-मेल आला आणि हा ‘करिता’ आपण गमावून बसलो.

वास्तविक तो गमावण्याचे कारण नव्हते. बहुतेक शाळांचा ई-मेल ज्या जीमेल सेवेवर आहे, तीत पासवर्ड न देता दुसऱ्यास मुखत्यार नेमण्याची सोय आहे. संगणकावर शाळेचे खाते उघडून सेटिंग्जमधील खात्यांच्या पानावर जावे. तेथे आपल्या खात्यात प्रवेश देण्याचा पर्याय असतो. त्यात उपशिक्षकांचा स्वतःचा जीमेल पत्ता लिहावा. त्यांस एक पत्र जाते; त्यातील दुवा आठवड्याच्या आत उघडून त्यांनी मान्यता द्यावयाची असते. नेमणूक अमलात येण्यास कधीकधी एक दिवस लागतो, यास्तव ती निघण्याच्या घाईत करू नये. साध्या खात्यास असे दहापर्यंत मुखत्यार नेमता येतात. दोन शिक्षकांच्या शाळेस एक पुरे.

नेमणूक करताना दोन बारीक पर्याय पुढे येतात, आणि सारे मर्म त्यांत आहे. पहिला : पाठविलेल्या पत्रावर केवळ खात्याचे नाव दिसावे, की पाठविणाऱ्याचेही दिसावे? दोन्ही दिसावीत, हाच पर्याय निवडावा. हाच आपला ‘करिता’. दुसरा : मुखत्याराने उघडलेले पत्र वाचलेले समजावे, की न वाचलेलेच राहू द्यावे? न वाचलेले राहू दिल्यास मुख्याध्यापक परत आल्यावर त्यांच्या अनुपस्थितीत आलेली पत्रे ठळक अक्षरांत समोर दिसतात. कल्पित शाळेतील बाईंना श्रवणतपासणीचे पत्र घरबसल्या भ्रमणध्वनीवर तसेच ठळक दिसले असते.

मुखत्यारास पत्रे वाचता येतात, उत्तर देता येते, आणि काढूनही टाकता येतात. पासवर्ड मात्र बदलता येत नाही. आपल्या जागी तिसऱ्यास बसविताही येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १९० हेच सांगते : जे काम मुखत्याराने स्वतः करण्याचे पत्करले आहे, ते त्याने सामान्यतः दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. पासवर्डाचे तसे नसते. तो एकास सांगितला की दुसऱ्यास, दुसऱ्याकडून केंद्रातील संगणक जाणणाऱ्या मुलास, असा पसरत जातो आणि कोणाकोणास ठाऊक आहे याचा हिशेब राहत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सांगण्यावरून सद्हेतूने वापरणारा त्या व्याख्येत बसत नाही हे खरे. परंतु काही विपरीत घडल्यावर तो सद्हेतू सिद्ध करण्याची पाळी त्या बिचाऱ्या उपशिक्षकावर येते. मुखत्यारी ही जितकी मुख्याध्यापकाच्या, तितकीच त्याच्याही रक्षणाची आहे.

या सोयीत एक उणीव आहे व ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. मुखत्यारास टपाल सरसकट दिसते. कागदी टपालात ‘गोपनीय’ शिक्क्याचे पाकीट कोणी फोडीत नसे. येथे पाकीटच नाही. एखाद्या पालकाने त्याच उपशिक्षकाविषयी तक्रार लिहिली, अथवा एखाद्या बालिकेच्या घरातील नाजूक गोष्ट कळविली, तर तीही त्यांच्या दृष्टीस पडेल. यावर उपाय असा की अशा पत्रव्यवहारासाठी मुख्याध्यापकाचा निराळा पत्ता असावा व तो पालकांस ठाऊक असावा.

दिनदर्शिकेची गोष्ट याहून सुकर आहे, कारण तिच्यात अधिकाराच्या पायऱ्या आहेत. गूगलच्या कॅलेंडरमध्ये विशिष्ट व्यक्तीस चार प्रकारे प्रवेश देता येतो. पहिल्या पायरीवर अमुक वेळ मोकळी आहे की व्यग्र, एवढेच दिसते. दुसरीवर कामाचा तपशील दिसतो. तिसरीवर त्यात फेरफार करता येतो. चौथीवर फेरफारासह आणखी कोणास प्रवेश द्यावा हे ठरविण्याचाही अधिकार मिळतो. चौथी पायरी म्हणजे कुलमुखत्यारपत्रच. शाळेच्या कामास तिची गरज क्वचितच पडते. प्रभारी शिक्षकास तिसरी पुरेशी आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांस पहिली. बाईंनी आईच्या भेटीची तारीख वहीऐवजी येथे टिपली असती आणि उपशिक्षकांस तपशील पाहण्याची मुभा असती, तर ‘निरंक’ लिहिण्यापूर्वी त्यांचा हात अडखळला असता. मुलीच्या व्याधीचे नाव तेथे लिहिण्याची जरुरी नव्हती; ‘तिसरीतील पालक भेट, तपासणीबाबत’ एवढे शब्द पुरते.

मोबाईलवर येणारा ओटीपी, शालार्थ प्रणालीचा प्रवेश आणि डिजिटल स्वाक्षरी या गोष्टी मात्र मुखत्यारीत येत नाहीत. त्या अंगठ्याच्या ठशासारख्या आहेत. कोणी आपला अंगठा कापून सहकाऱ्याच्या हाती ठेवीत नाही.

बदलीच्या वेळी घडणारा घोटाळा तर सर्वपरिचित आहे. प्रभार देताना जडवस्तू संग्रह, रोकडवही, आवक-जावक नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या, सारे मोजून दिले जाते. खाते परत मिळविण्यासाठी कोणता मोबाईल क्रमांक नोंदविला आहे, हे कोणी पाहत नाही. पुढे दोन वर्षांनी पासवर्ड विसरला की संकेतांक जातो तो दुसऱ्या तालुक्यात बदलून गेलेल्या, क्वचित निवृत्त झालेल्या गुरुजींच्या मोबाईलवर. प्रभाराच्या यादीत ही एक ओळ वाढवावी : ई-मेल खाते, त्यास जोडलेला क्रमांक, नेमलेल्या मुखत्यारांची नावे.

रजेवर जाताना मुख्याध्यापकाने अर्ध्या पानाचे टिपण लिहून द्यावे. कोणत्या पत्रांस परस्पर उत्तर द्यावयाचे, कोणती विचारून, कोणती तशीच ठेवावयाची, आणि अधिकार कोणत्या तारखेपर्यंत. ‘किरकोळ’ हा शब्द त्यात नसावा. ज्यात विद्यार्थ्याचे नाव, संख्या अथवा निरंक लिहावयाचे आहे, ते पत्र किरकोळ नव्हे. परत आल्यावर त्याच पानावरून मुखत्याराचे नाव काढून टाकावे. “माझ्यावर विश्वास नाही का?” असे सहकाऱ्यास वाटू शकते, म्हणून ती तारीख टिपणात आधीच लिहिलेली असणे बरे.

इयत्ता चौथीत अष्टप्रधान मंडळ शिकविताना हा विषय मुलांपुढे सहज मांडता येतो. वर्गनायक गैरहजर असेल त्या दिवशी उपनायकाने फळ्यावर पटसंख्या लिहावी, खाली ‘वर्गनायकाकरिता’ असे लिहून स्वतःचे नाव घालावे. दुसऱ्या दिवशी वर्गनायकाने ती संख्या हजेरीपटाशी ताडून पाहावी. आकडा चुकला असल्यास तो कोणी लिहिला होता, हे मुलेच बोट दाखवून सांगतात, आणि उपनायक पुढे येऊन तो पुसतो व दुरुस्त करतो.