एकाक्ष राक्षस आणि पेन्सिलची रेघ

मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास रात्री डेलावेअर बेच्या काठी गेलात, तर भरतीच्या पाण्यातून उपड्या वाडग्यांसारखं काहीतरी वाळूवर सरकताना दिसेल. हे हॉर्सशू क्रॅब, अंडी घालायला आलेले. नावात खेकडा असला तरी जवळचं नातं कोळी-विंचवांशी.

१५८५ मध्ये जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराने आजच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या मासेमारीचं जलरंगचित्र काढलं. ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातल्या पाण्यात हा प्राणी दिसतो. त्याची अणकुचीदार शेपटी तिथले लोक भाल्याचं टोक म्हणून वापरत, असं व्हाइटचा सहकारी टॉमस हॅरियटने नोंदवलं. पुढे १७५८ मध्ये लिनियसने त्याला होमरच्या एकाक्ष राक्षसाचं नाव दिलं: पॉलिफेमस. बिचाऱ्याला कवचाच्या दोन बाजूंना दोन मोठे संयुक्त डोळे आहेत, शिवाय बारीकसारीक वेगळेच!

याच डोळ्यांनी आपल्याला चित्र कसं दिसतं ते शिकवलं. प्रत्येक मोठ्या डोळ्यात सुमारे हजार नेत्रिका असतात. हाल्डन हार्टलाइन यांनी त्यांच्या एकेका चेतातंतूतले विद्युतसंदेश मोजले. उजेडातली नेत्रिका शेजारणींचा आवाज दाबते, असं त्यांना आढळलं. आता उजेड-अंधाराच्या सीमेवर काय होईल? उजेडाकडच्या नेत्रिकेला एका बाजूने दाब कमी, म्हणून ती जास्त ओरडते. अंधाराकडची मात्र उजळ शेजारणींमुळे आणखी गप्प होते. परिणामी कड ठळक होते. आपल्या दृष्टिपटलातही असंच घडतं. निसर्गात वस्तूंभोवती रेघ नसते, तरी मूल पेन्सिलने आंब्याची नुसती बाह्यरेषा काढतं आणि आपण आंबा ओळखतो. कडा शोधायचं काम डोळ्यातच सुरू झालेलं असतं. या संशोधनासाठी हार्टलाइन यांना १९६७ चं नोबेल विभागून मिळालं.

त्याचं निळं रक्त जास्त प्रसिद्ध आहे. जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनचा लवलेशही लागला तरी ते गोठतं, म्हणून इंजेक्शनं आणि लसी त्यावर तपासतात. रक्त काढून प्राणी समुद्रात परत सोडतात, पण काही मरतातच. सिंगापूरच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात त्यातलं मुख्य प्रथिन प्रयोगशाळेत बनवलं. अमेरिकेच्या औषधसंहितेत त्यावर आधारित चाचणीचं प्रकरण मात्र २०२५ मध्ये लागू झालं. मला हा उशीर अक्षम्य वाटतो.

या उन्हाळ्यात किनाऱ्यावर एखादा उताणा पडलेला दिसला, तर कवचाच्या कडेला धरून हळूच पालथा करा. शेपटीला धरू नका. ती भाल्यासारखी दिसली तरी त्याला स्वतःला सरळ होण्यासाठी लागते.