बुडालेल्या कंपनीची नोकरी कशी पडताळायची

पोरी, वैमानिक शिकवणाऱ्या संस्थेच्या आस्थापनेत तू रुजू झालीस आणि लगेच तुझ्या टेबलावर हा अर्ज आला. इन्स्ट्रक्टर व्हायला आलेला माणूस म्हणतो, मी अमुक चार्टर कंपनीत चार वर्षं विमान उडवलं. कंपनीला टाळं लागलंय, फोन बंद, ईमेल परत येतो. काका, आता कुणाला विचारायचं, असं तू म्हणालीस. विचारायला पुष्कळ जण आहेत. त्यांची दारं माहीत हवीत.

आधी मनातली अढी काढ. कंपनी बुडाली म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आम्हा दीपनगर वीजकेंद्रातल्या जुन्या लोकांच्या नेमणूकपत्रांवर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं नाव आहे. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचं विभाजन झालं, वीजकेंद्र महानिर्मितीकडे आलं. म्हणून आमची आधीची नोकरी पुसली गेली का? सेवापुस्तकात ती पानोपानी आहे. मी जन्मभर तीच पुस्तकं सांभाळली, त्यावरून सांगतो: मालक जातो, पण त्यानं दुसऱ्यांच्या दप्तरात करून ठेवलेल्या नोंदी मागे राहतात. उमेदवारानं आणलेलं अनुभव प्रमाणपत्र वाच, फाइलला लाव. भरवसा मात्र जो कागद त्याच्या हातून आलेला नाही, त्यावर ठेव. बंद कंपनीचं लेटरहेड आणि शिक्का कुणीही छापून आणू शकतो.

पहिलं काम नावाचं. विमानावर रंगवलेलं नाव आणि कंपनीचं नोंदणीतलं नाव बहुतेक वेळा वेगळं असतं. आपल्या जळगावचंच बघ. २०१७ च्या डिसेंबरात उडान योजनेत जळगाव-मुंबई विमान सुरू झालं, ते एअर डेक्कनचं. ही एअर डेक्कन चालवत होती डेक्कन चार्टर्स. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी काम थांबवलं आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं. पण त्याआधी, २००३ साली, एक एअर डेक्कन होतीच. ती पुढे किंगफिशरमध्ये गेली. संस्थापक कॅप्टन गोपीनाथ दोन्हींचे, नाव एकच, कंपन्या दोन. जुनीकडे एटीआर आणि एअरबस, नवीकडे १९ आसनी बीचक्राफ्ट १९००डी. आता कुणी लिहिलं की २०१८ मध्ये एअर डेक्कनचं एटीआर उडवलं, तर तिथं थांबायचं आणि विचारायचं. कुणी २०१३ लिहिलं तरीही थांबायचं, त्या साली या नावाचं प्रवासी विमान उडतच नव्हतं. डेक्कननंतर जळगावला आलेली ट्रूजेटही तशीच. तिचं कागदावरचं नाव टर्बो मेघा एअरवेज. तेव्हा कर खात्याच्या नोंदीत भलतंच नाव दिसलं म्हणून घाईनं लाल शेरा मारू नकोस.

कंपनीचं खरं नाव सापडलं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती केव्हा स्थापन झाली, संचालक कोण, आज स्थिती काय, हे सगळं दिसतं. नोंदणीतून नाव काढलेलं असलं तरी नोंद शिल्लक असते. एक गोष्ट नीट ध्यानात ठेव: कंपनी स्थापन झाली त्या दिवशी तिला उडायची मुभा मिळत नाही. चार्टरसाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतो. परमिटच्या तारखेआधीचे चार्टरचे तास कुणी दाखवले, तर ते आले कुठून? दिवाळखोरीत गेलेली कंपनी असेल तर रिझोल्युशन प्रोफेशनल किंवा लिक्विडेटर असतोच. पगार थकलेले कर्मचारी त्याच्याकडे दावे लावतात. त्या यादीत आपला माणूस आहे का, हे पत्र लिहून विचार.

मग पैशाची वाट. फॉर्म २६एएसमध्ये कर कोणी कापला, कोणत्या तिमाहीत कापला, हे दिसतं. पीएफच्या यूएएनवर नोकऱ्यांचा इतिहास दिसतो. हे त्याच्या लेखी संमतीनं, त्यालाच तुझ्यासमोर पोर्टल उघडायला सांगून बघायचं. पीडीएफ घेऊन ये म्हणू नकोस. पण पीएफ नाही म्हणजे खोटं, असंही नाही. पुष्कळ पायलट सल्लागार म्हणून करारावर असतात, त्यांचा कर पगाराच्या नव्हे, व्यावसायिक शुल्काच्या कलमाखाली कापला जातो. आणि बुडत्या कंपन्या शेवटी शेवटी कर कापतात आणि भरत नाहीत. किंगफिशरच्या वेळी हे देशानं पाहिलं. म्हणून अखेरचे काही महिने कोरे दिसले तर त्याचं बँकेचं पासबुक माग. त्या कोऱ्या महिन्यांची शिक्षा त्याला द्यायची नाही.

आता लॉगबुक. इथं घाई केलीस तर सगळं वाया. लायसन्सवर विमानाच्या प्रकाराची नोंद कोणत्या तारखेला झाली, ते आधी बघ. त्या तारखेआधी त्या प्रकारावर कमांडचे तास असूच शकत नाहीत. प्रत्येक ओळीत विमानाचा व्हीटी क्रमांक असतो. ते विमान त्या काळात त्याच कंपनीकडे होतं का, हे डीजीसीएच्या विमान-नोंदवहीवरून कळतं. कंपनी बंद पडली तरी विमान बहुधा दुसऱ्याकडे विकलं जातं आणि त्याबरोबर विमानाची दप्तरंही जातात. नव्या मालकाला विनंती केली तर दोन-चार तारखा पडताळून मिळू शकतात. मग हिशेब मांड. एका वेळी विमानाचा कमांडर एकच. एकच विमान असलेल्या कंपनीत तिघांनी मिळून दाखवलेले कमांडचे तास विमानाच्या एकूण तासांपेक्षा जास्त भरले, तर कुणीतरी शाई उडवली आहे, विमान नाही. वर्षाला हजार तासांची कायद्याची मर्यादाही ओलांडलेली नाही ना, ते बघ.

आणि सगळ्यांत भक्कम कागद सांगतो. पायलटची ठरावीक मुदतीनं प्रवीणता चाचणी होते. ती घेणाऱ्या परीक्षकाची सही, सिम्युलेटरवर झाली असेल तर त्या केंद्राची नोंद, हे कंपनीबरोबर बुडत नाही. परीक्षकाचा पत्ता उमेदवाराकडून घेऊ नकोस, स्वतः शोध. बाकी डीजीसीएला संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून, लायसन्स क्रमांक देऊन लिही.

एवढं कशाला, असं तुझे साहेब म्हणतील. त्यांना २०११ सांग. त्या वर्षी गोव्यात विमान पुढच्या चाकावर उतरवल्याच्या चौकशीतून बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेलं लायसन्स बाहेर आलं. राजस्थानात न उडवलेले तास लॉगबुकात चढल्याचं उघड झालं. आपल्याकडे तर माणूस शिकवायला येतोय. कमर्शिअल लायसन्सला २०० तास लागतात आणि पोरांच्या वहीतले कितीतरी तास इन्स्ट्रक्टरच्या सहीवर उभे असतात. त्याचीच वही खोटी निघाली, तर शेत विकून फी भरलेल्या बापाच्या लेकराचे तासही संशयात जातात.

जुळलं नाही ते त्याला तोंडी नको, पत्रानं कळव. कोणती ओळ, कोणती तारीख, ते स्पष्ट लिही आणि उत्तराला पुरेसे दिवस दे. ज्याचा पगार बुडाला, ज्याचे साहेब परदेशी निघून गेले, त्याला कागद गोळा करायला वेळ लागतो. त्याचं उत्तर येईपर्यंत त्याला विद्यार्थ्याबरोबर विमानात बसवायचं नाही, हेही त्याच पत्रात लिही आणि प्रत फाइलला लाव.