जपानी कांजी वाचताना



कांजी म्हणजे सुती साडीला लावतात ती नव्हे. चिनी लिपीतून जपानी भाषेत आलेल्या अक्षरचिन्हांना कांजी म्हणतात. त्यांच्या जोडीला हिरागाना व काताकाना या दोन ध्वनिलिपी आहेत. त्या आपणांस जड जात नाहीत, कारण त्यांचा अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न हा क्रम जपानी भिक्खूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला आहे.

अडते ते कांजीपाशी. जपान सरकारने २०१० साली ठरविलेल्या नित्य वापराच्या यादीत २१३६ कांजी आहेत. माझी पुतणी व मी नंदुरबारला घरीच शिकू लागलो. रोज दहा कांजी, प्रत्येकीचे सगळे उच्चार तोंडपाठ, असा माझा दंडक. दीड महिन्यात पोरीने वही माळ्यावर टाकली. दोष तिचा नव्हता.

माझी चूक मला बँकेच्या काउंटरवर उमगली. २ हा आकडा आपण 'दोन' वाचतो, नवापूरकडचे गुजराती खातेदार 'बे' म्हणतात, आणि '२ रा' लिहिले की आपणच 'दुसरा' वाचतो. या उच्चारांची यादी कोणी पाठ केली होती? कांजीचेही तसेच आहे. डोंगराची कांजी एकटी असली तर 'यामा', फुजी पर्वताच्या नावात 'सान'. (हा 'सान' आपल्या 'राव'सारखा आदरार्थी नव्हे!) तेव्हा सुटी कांजी घोकू नये, शब्द शिकावा.

दुसरे म्हणजे कांजीचे अवयव ओळखावेत. माणसाशेजारी झाड लिहिले की विश्रांती. विहाराच्या कांजीला डावीकडे सूर्य जोडला की 'वेळ' होते, हात जोडला की 'धरणे'. तिन्हींचा चिनी वळणाचा उच्चार 'जी'. म्हणजे एक भाग अर्थाकडे बोट दाखवितो, दुसरा उच्चाराकडे. सगळीकडे हे जमत नाही, पण पुष्कळ ठिकाणी जमते.

आकड्यांची एक गंमत आम्हा बँकवाल्यांना विशेष पटेल. एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा. एक रेघ वाढविली की एकाचे दोन! म्हणून पैशांच्या कागदपत्रांत या आकड्यांसाठी मुद्दाम अवघड कांजी वापरतात. आपल्या चेकवरील 'अक्षरी रुपये' याच सावधगिरीचे.

सरावाला गणिताची चौकटीची वही उत्तम. जपानी भाषेच्या परीक्षेचे केंद्र पुण्यास आहे. पहिली पातळी एन-५.

पुतणीने वही खाली काढली आहे. परवा तिने 'यासुमी', म्हणजे सुट्टी, हा शब्द लिहून दाखविला. झाडाची एक रेघ राहिली होती. वाचला मात्र बरोबर.