रांगेंतील शेवटचा घटक

विसाच्या अलीकडील संख्येस आपण एकोणीस म्हणतों. एकोणीस म्हणजे एक उणें वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे शब्दही त्याच घडणीचे आहेत. शेवट जवळ आला कीं पुढील टप्प्यांतून एक वजा करून सांगण्याची ही रीत आपल्या भाषेंत फार जुनी आहे. आणि संगणकाच्या आज्ञावलींत रांगेच्या टोंकाची वस्तु हातीं घ्यावयाची झाल्यास नेमकी हीच रीत उपयोगीं पडते.

एकाच जातीच्या पुष्कळ वस्तु स्मृतींत एकापुढें एक, मध्यें जागा न सोडतां मांडल्या म्हणजे त्या मांडणीस ॲरे म्हणतात. समजा, ४० विद्यार्थ्यांचे गुण असे मांडले आहेत. यंत्रास त्यांची आरंभीची जागा ठाऊक असते. कोणताही घटक शोधावयाचा तर आरंभापासून किती घरें पुढें जावयाचें एवढेंच त्यास हवें असतें. पहिल्या घटकासाठीं मुळींच पुढें जावयाचें नसतें, म्हणून त्याचा निर्देशांक शून्य. सी, जावा व पायथन या भाषांत मोजणी अशी शून्यापासून होते. फोरट्रानमध्यें मात्र, वेगळें सांगितलें नसेल तर, ती एकापासून धरतात. डायक्स्ट्रा या डच पंडितानें १९८२ सालीं एक लहानसें टिपण लिहून शून्याचा पक्ष मांडला; तो वाद कांहीं अद्याप मिटलेला नाहीं.

तर मग चाळिसाव्या विद्यार्थ्याचा निर्देशांक किती? चाळीस नव्हे, एकोणचाळीस. नवशिक्यास पहिली ठेंच येथेंच लागते. मीं वर्गाचीं प्रगतिपत्रकें छापण्यासाठीं पहिली आज्ञावली लिहिली तेव्हां मोजणी शून्यापासून सुरू केली खरी, पण ती एकोणचाळीस येण्यापूर्वींच थांबविली. यंत्रानें तक्रार केली नाहीं. पत्रकें निघालीं एकोणचाळीस, आणि हजेरीपटावर शेवटीं नांव असलेला मुलगा रिकाम्या हातानें बांकावर बसून राहिला. त्यानें विचारलेंही नाहीं. शेवटीं नांव येणाऱ्यास वाट पाहण्याची संवयच असते.

याच्या उलट चूक, म्हणजे शेवटाच्या एक घर पुढें जाणें, अधिक घातक. पायथन व जावा या भाषा अशा वेळीं काम थांबवून चूक दाखवितात. सी भाषेवर तसें कांहीं बंधन नाहीं; रांगेपलीकडे स्मृतींत जें पडलें असेल तेंच ती बहुधा उचलून आणते. २०१४ सालीं उघडकीस आलेला हार्टब्लीड नांवाचा दोष याच कुळांतला. ओपनएसएसएल या आज्ञावलीकडे दुसऱ्या यंत्रानें थोडा मजकूर व त्याची लांबी पाठवावयाची आणि तिनें तोच मजकूर परत करावयाचा, अशी योजना होती. सांगितलेली लांबी खरी आहे किंवा नाहीं हें मात्र तपासलें जात नव्हतें. त्यामुळें चार अक्षरें पाठवून हजारों अक्षरें मागणाऱ्यास एका वेळीं ६४ किलोबाइटपर्यंत परकी स्मृति मिळे, व तींत लोकांचे पासवर्डही सांपडूं शकत.

पायथनमध्यें शेवटच्या घटकासाठीं उणें एक असा निर्देशांक लिहितां येतो. यांत जादू नाहीं. यंत्र त्यांत रांगेची लांबी मिळवितें. ४० उणें १ म्हणजे ३९. उणें दोन म्हणजे त्याच्या आधींचा, आणि उणें चाळीस म्हणजे थेट पहिला. जावास्क्रिप्टमध्यें चौकटी कंसांत उणें एक लिहिल्यास गुण हातीं येतच नाहीं. म्हणून तिच्या २०२२ च्या प्रमाणांत ‘ॲट’ नांवाची निराळी सोय केली गेली.

ही सोय गोड असली तरी तिच्यांत एक कांटा आहे. गुण उतरत्या क्रमानें लाविले आहेत व नापास झालेले विद्यार्थी शेवटीं आहेत असें समजा. नापास तीन असल्यास ‘उणें तीनपासून अखेरपर्यंत’ असें लिहिलें कीं तेवढेच तिघे निवडले जातात. परंतु एखादे वर्षीं सर्वच उत्तीर्ण झाले तर? नापासांची संख्या शून्य. उणें शून्य म्हणजे शून्यच. आणि शून्यापासून अखेरपर्यंत म्हणजे संपूर्ण रांग! ज्या वर्षीं कोणीच नापास नाहीं त्याच वर्षीं सर्व चाळीस जण नापासांच्या यादींत जाऊन बसतील. यासाठीं मी उणें चिन्हावर विसंबत नाहीं. लांबींतून नापासांची संख्या वजा करून तेथून आरंभ करावा. तीन असतील तर सदतीसपासून. शून्य असतील तर चाळीसपासून, आणि चाळीस क्रमांकाचें घर नसल्यामुळें यादी रिकामी निघते, तशीच ती निघावयास हवी.