राजा मेल्यावर पंथाचे काय?

प्रश्न : आम्ही चंद्रपूरचे मित्र कल्पित राज्याचा भूमिकाखेळ रचतो आहोत. राजाच देव आहे. त्याचा पंथ खरा कसा वाटेल?

उत्तर : राजाला एकदम देव करू नका, आधी देवाच्या शेजारी बसवा. तुमच्याच गावात पाहा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाचा त्वचारोग झरपट नदीच्या पाण्याने बरा झाला, अशी आख्यायिका आहे. अचलेश्वराचे देऊळ त्याच कथेतले. पुढे गोंड राणी हिराईने महाकालीचे मंदिर बांधले. गोंड राज्य गेले, चैत्रातली यात्रा अजून भरते.

गडचिरोलीपलीकडे बस्तरात तर राजा दंतेश्वरी देवीचा मुख्य पुजारी. दसऱ्याच्या रथासाठी कोणी लाकूड आणायचे, कोणी दोर ओढायचा, हे गावागावांत वाटलेले. तुमच्या खेळात अशी कामे हवीतच. नुसते झगे आणि मंत्र कंटाळवाणे होतात.

खरी गंमत राजा मेल्यावर. बस्तरचे राजे प्रवीरचंद्र भंजदेव १९६६ मध्ये जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. पुढे बिहारीदास नावाच्या बाबाने आपणच प्रवीरचंद्र असल्याचा दावा केला, त्याला अनुयायीही मिळाले. तेव्हा राजाआधी तोतया लिहा. आणि खेळात देवदेवतांची नावे मात्र स्वतःची घ्या, इथली नकोत.