रुंद फटीत हरवलेले शिखर

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी बेरियम टायटनेटचा क्ष-किरण विवर्तन आलेख पाहून मी प्रबंधाच्या मसुद्यात लिहून टाकले: नमुना क्यूबिक. 45 अंशांजवळ एकच शिखर होते, जरा फुगलेले. कण बारीक आहेत म्हणून फुगले असेल, अशी मी समजूत करून घेतली. महिनाभराने त्याच नमुन्याचा फेरोइलेक्ट्रिक लूप स्वच्छ आला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून विचारले, "क्यूबिक असेल तर हे ध्रुवीकरण आलं कुठून?"

मग मी मोजणीच तपासायला घेतली. यंत्राचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून मी घाईने 0.05 अंशाच्या पावलांनी स्कॅन केला होता. डिटेक्टरपुढची स्लिट 0.3 मिमीची होती. 185 मिमी त्रिज्येच्या गोनिओमीटरवर ही एकटी फट सुमारे 0.09 अंश व्यापते. होल्डरमधली पावडर कडेच्या वर आली होती. पृष्ठभाग 0.1 मिमी वर असला तरी शिखर सुमारे 0.06 अंशाने सरकते. त्यावर सॉफ्टवेअरमधून आलेख गुळगुळीत केला, आणि उरलासुरला खांदाही मी स्वतःच्या हाताने पुसला.

दुसऱ्या खेपेला अगेटच्या खलात अल्कोहोल घालून हलक्या हाताने घोटले. कोरडे, जोर लावून घोटले की स्फटिकांत ताण शिरतो आणि शिखर त्यानेही रुंदावते. काचपट्टीने पावडर कडेशी सपाट केली, अर्धी स्लिट लावली, 0.01 अंशाची पावले घेतली. रात्रभर स्कॅन चालला. सकाळी शिखराच्या डाव्या बाजूला खांदा उभा होता.

इथे आणखी एक फसगत टळली. तांब्याच्या नळीतून 1.5406 आणि 1.5444 अँगस्ट्रॉम अशा दोन तरंगलांबी येतात, त्यामुळे प्रत्येक शिखराला जोडीदार असतो: 45 अंशांजवळ 0.12 अंशावर, 100 अंशांजवळ 0.34 अंशावर. पण हा जोडीदार नेहमी उजवीकडे, मोठ्या कोनाच्या बाजूला येतो आणि निम्म्या उंचीचा असतो. टेट्रॅगोनल बेरियम टायटनेटमध्ये c अक्ष a पेक्षा लांब, म्हणून (002) चे लहान शिखर (200) च्या डावीकडे पडते. माझा खांदा डावीकडे होता. नमुना टेट्रॅगोनल होता. प्रकरण नव्याने लिहावे लागले.

शिखराच्या रुंदीवरून कणांचा आकार काढणाऱ्यांची अडचण याहून मोठी. यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली नाही, तर शेररच्या सूत्रातून कण खऱ्यापेक्षा लहान निघतात.

नव्याने यंत्रावर बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आपला नमुना ठेवण्याआधी लँथनम हेक्साबोराइडचा प्रमाणित नमुना त्याच स्लिटवर, त्याच पावलांनी मोजा. आणि कच्चा आलेख, एकही बिंदू न पुसता, जपून ठेवा.