दारुहरिद्रा आणि जीवाणूंचा प्रतिकार

दारुहरिद्रेचा काढा व्रणप्रक्षालनासाठी आपण सर्वच वापरतो. नेत्ररोगांत रसांजन आणि अतिसारात काढा, हेही आपल्या नित्याच्या चिकित्सेतले. तिच्या मुळाला व खोडाला पिवळा रंग देणारे बर्बेरिन हे अल्कलॉइड जीवाणूंना मारक आहे, असे आपण व्याख्यानांतून वारंवार सांगतो. परंतु काढा अंगावर पडल्यावर जीवाणू स्वतः काय करतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो आम्हाला का विचारावा लागला, हे प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मधुमेहाचे एक वृद्ध रुग्ण पायाच्या व्रणासाठी आमच्याकडे आले. दारुहरिद्रेच्या काढ्याने रोज दोन वेळा प्रक्षालन सुरू केले. पहिल्या आठवड्यात पूय कमी झाला, व्रणाचा तळ लाल दिसू लागला आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे पट्टीवर हिरवट स्राव दिसू लागला, वास पालटला. तरीही काढा अधिक घट्ट करून आम्ही आणखी चार दिवस घालविले. ताप आल्यावर पूय तपासणीस पाठविला, त्यात स्यूडोमोनास वाढला. शल्यचिकित्सकांनी पाय वाचविला. दोन बोटे मात्र काढावी लागली.

बर्बेरिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. जीवाणूच्या पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने ऋण असल्यामुळे ते आत ओढले जाते, साचते आणि डीएनएला चिकटते. येथवरचे वर्णन आपल्या परिचयाचे आहे. परंतु जीवाणूच्या पेशीपटलात पंपासारखे कार्य करणारी प्रथिने असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधील नोरए हा पंप आत आलेले बर्बेरिन बाहेर फेकतो. त्याचे नाव नॉरफ्लॉक्सासिनवरून पडले, कारण तेही तो बाहेर टाकतो. वनस्पतिज आणि कृत्रिम हा भेद आपल्याला फार मोठा वाटतो. जीवाणूला तो ठाऊक नाही.

याच जीवाणूच्या काही वाणांत क्यूएसीए नावाचा दुसरा पंप असतो. त्याचे जनुक एरवी क्यूएसीआर या प्रथिनाने दाबून ठेवलेले असते. बर्बेरिन आत येताच या प्रथिनाला चिकटते, प्रथिन डीएनएवरून सुटते आणि पंप तयार होऊ लागतात. या बंधाची स्फटिकरचना २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. सेट्रिमाइडच्या वर्गातील जंतुनाशकेही हाच पंप बाहेर टाकतो. म्हणजे जो काढा जीवाणूस मारण्यास अपुरा पडतो, तो त्याला सावध करण्यास पुरेसा ठरू शकतो.

स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंत अशा पंपांच्या जोडीला आणखी एक बाह्य पटल असते. हे पंप निकामी केले असता बर्बेरिनसह अनेक वनस्पतिज द्रव्यांचा प्रभाव कितीतरी पटींनी वाढतो, असे २००२ मध्ये दाखविले गेले. द्रव्य दुबळे नव्हते, ते आत टिकत नव्हते. आमच्या रुग्णात काढ्याने इतर जीवाणू बहुधा हटले आणि मोकळी जागा स्यूडोमोनासने घेतली, असे आम्हाला आज वाटते.

वनस्पतीने मात्र यावर उपाय शोधलेला आहे. अमेरिकेतील फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले की, दारुहरिद्रेच्याच कुळातील तेथील काही वनस्पती बर्बेरिनबरोबर मेथॉक्सीहायड्नोकार्पिन हे द्रव्यही तयार करतात. ते एकटे जीवाणूला काहीच करीत नाही. पण नोरए पंप बंद पाडते आणि बर्बेरिन आत साचू देते. हे द्रव्य पूर्वी चौलमोगरा तेलात आढळलेले होते. चौलमोगरा म्हणजे आपल्या तुवरकाचा गण. कोकणातील कडू कवठही त्यातलेच. कुष्ठात तुवरक तेल देणाऱ्या परंपरेच्या वाचकाला याचे अप्रूप वाटेल, आम्हालाही वाटले.

तथापि येथे घाई नको. ‘संपूर्ण द्रव्य श्रेष्ठ’ या सिद्धान्ताला पुरावा मिळाला, असे हे संशोधन सभांतून उद्धृत होते. पण ते द्रव्य मिळाले पानांतून, आणि आपण रसांजन करतो ते मूळ व खोड उकळून. शिवाय ते पाण्यात सहज उतरणारे नव्हे. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये पिंपळी-मिरीतील पायपेरिन नोरएला अडविते असे दाखविले, तेही प्रयोगनळीत. त्रिकटूच्या अनुपानाने रुग्णाच्या व्रणात तेवढे पायपेरिन पोहोचते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

अतिसारात स्थिती निराळी आहे. बांगलादेशात १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विषकारी ई. कोलायच्या अतिसारात ४०० मिलिग्रॅम बर्बेरिनच्या एकाच मात्रेने मलप्रमाण घटले. पटकीत तसा लाभ झाला नाही. येथे आतड्यातील स्राव रोखणे हे कार्य महत्त्वाचे दिसते, म्हणून पंपाचा अडथळा तितका आड येत नसावा.

चरकाने विमानस्थानात कृमिचिकित्सेत अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन असा क्रम दिला आहे. व्रणप्रक्षालनाचा लाभ आम्ही आता प्रामुख्याने अपकर्षणात धरतो, प्रकृतिविघात गृहीत धरत नाही. मधुमेही रुग्णाच्या व्रणात पूय असेल तर पहिल्याच दिवशी नमुना घेतो. तोही काढा लावण्यापूर्वी, केवळ सलाइनने व्रण धुऊन. स्राव हिरवट झाला, लाली पसरली अथवा ताप आला, तर काढा घट्ट करीत बसत नाही. त्याच दिवशी शल्यचिकित्सकांकडे चिठ्ठी देतो.